नीलो बेरुत्ती नावाची तीन माणसे

ओंदिनाने १९७६ हा आकडा पुन्हा जागेवर बसवला आणि पानाला कुलूप घातले. आता तिच्याशिवाय तिथे कोणाला हात लावता येणार नव्हता.

साल्तो शहरातल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी ती आणि फाउस्तो शेजारी बसून, सगळ्यांनी मिळून इंटरनेटवर लिहिलेल्या विश्वकोशातली भांडणे मिटवत. फुकटची हमाली, असे तिची सून म्हणे. हे भांडण एका नामपानाचे होते. एका नावाची अनेक माणसे असली की त्यांची यादी अशा पानावर देतात, आणि कोण कुठला हे कळावे म्हणून प्रत्येकापुढे जन्ममृत्यूची वर्षे. नीलो बेरुत्ती तीन होते. एक गोलरक्षक, एक गुरांचा डॉक्टर आणि तिसरा ऊसतोड कामगारांचा पुढारी. त्याला लष्कराच्या राजवटीत घरातून उचलून नेले, तो परत आला नाही. त्याच्यापुढचे मृत्यूचे वर्ष ‘चिंगोलो’ या नावाने कोणीतरी सतरा दिवस पुसत होते. कारण विचारले तर उत्तर नाही.

ते वर्ष घातले होते फाउस्तोने. जन्मभर जमीन नोंदणीच्या कचेरीत काढलेला माणूस; रकाना मोकळा दिसला की त्याला जेवण जात नसे.

“खोडसाळ आहे गं कोणीतरी. बरं केलंस,” तो म्हणाला. येर्बाच्या, म्हणजे कडू पाल्याच्या चहाच्या, पेल्यात थर्मासमधले गरम पाणी ओतून त्याने पेला तिच्यापुढे धरला.

नियमाने वागल्यावर तिला बरे वाटत असे. आज वाटले नाही.

पेला संपायच्या आत चर्चापानावर मजकूर उमटला. ओंदिनाने तो हळू आवाजात वाचला.

“मी नीलोची बहीण. आमची आई हे पान रोज नातीकडून उघडून घेते, म्हणून मी पुसत होते. आज तिने ते वर्ष वाचलं. इतकी वर्षं तिने त्याच्या नावाने मेणबत्ती लावू दिली नाही. आता म्हणते, कोशवाल्यांना कळलं असेल, त्यांना तारीख विचार.”

फाउस्तोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ते साल कुठून घेतलंस तू?” ओंदिनाने विचारले.

“पुस्तकातून. त्याला उचलून नेलं, ते साल.”

“आणि मेला कधी?”

“ते कोणालाच माहीत नाही.”

“मग का लिहिलंस रे?”

“बाकी दोघांपुढे होतं,” फाउस्तो म्हणाला. “याच्यापुढची जागा मोकळी दिसत होती.”

ओंदिनाला त्याचा राग आला आणि त्याहून स्वतःचा. तिने कुलूप काढले, आकडा पुसला. नीलो बेरुत्तीपुढे आता फक्त जन्माचे वर्ष उरले.

पण म्हातारीने तो आकडा वाचला होता.