भिकुबाईच्या मांड्यांचे खापर

मी एक जुने खापर आहे. मित्रांनो, खापर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फुटक्या मडक्याचा तुकडा आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मी अखंड आहे. खानदेशात पुरणाचे मांडे ज्याच्यावर भाजतात ते मोठे, गोल, मातीचे भांडे म्हणजे मी. माझे तोंड खाली चुलीवर आणि पाठ वर. बाकीची भांडी लोकांकडे तोंड करून बसतात, मी पाठ करून बसते, म्हणून मला गर्विष्ठ समजतात. थोडीशी आहेच मी तशी. जिच्या हातचे मांडे माझ्या पाठीवर भाजले गेले तिला तुम्ही पाहिले असते, तर तुम्हीही मला हसला नसता.

देशाला स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एरंडोलच्या वना कुंभाराने मला घडवले. नदीकाठची माती, तिच्यात घोड्याची लीद आणि राख. आईने बाळाला थोपटावे तसे त्याने मला थोपटले, अंग मात्र दुखले. मग आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजले. आव्यातून बाहेर आले तर शेजारची दोघे तडकलेली, मी धड. तेव्हापासूनच माझी मान जरा वर आहे.

एक बाई खापर घ्यायला आली. एकेका खापरावर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावून ऐकायची. वनाला ऊन सोसेना.

"अक्का, तुले खापर लेनं शे का त्यानासंगे बोलनं शे?"

"ज्यानासंगे जलमभर चुलीपुढे बठनं शे, त्यानासंगे आधी बोली लेवाले नको का?" ती म्हणाली आणि तिने मला उचलले.

तिचे नाव भिकुबाई. एरंडोलपासून कोसभरावर तिचे गाव, तिथे थोडी कापसाची शेती. नवरा तरुणपणीच वारला होता. कौतिक आणि तानू या दोन लेकरांना तिने निंदणी-वेचणी करून वाढवले. पुढे तानूला मुलगी झाली, ती भिकुबाईला आजी म्हणू लागली आणि तिचे ऐकून मीही मनातल्या मनात आजीच म्हणू लागले. म्हणून आता तिच्याबद्दल बोलताना माझ्या तोंडी तेच येते.

आजी मांडे कसे करायची ते सांगते. पुरण भरलेला कणकेचा मऊ गोळा ती या हातावरून त्या हातावर झुलवत राही. बघता बघता पोळी वाढत वाढत दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत येई. मग एकाच झोकात ती माझ्या पाठीवर. कुठे सुरकुती नाही, कुठे भोक नाही. लग्नसराईत चार गावांतून तिला बोलावणे यायचे. ती मला चुंबळीवर ठेवून डोक्यावरून न्यायची, दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही. लोक मांड्यांची तारीफ करत, आणि त्यातली निम्मी मी आपल्याकडे ठेवून घेई.

पण आजीचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पहिला मांडा घागरीपुढे ठेवेपर्यंत आजी घोटभर पाणीही पीत नसे. मांडा ठेवायची, हात जोडायची आणि गेलेल्या नवऱ्याला हळूच सांगायची, "जेवा. आज तुमनी लेक येल शे."

कारण आखाजीला सासरच्या लेकी माहेरी येतात. त्यांना आणायला जो जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय लेकीने पाऊल उचलायचे नाही, अशी आमच्याकडची रीत. तानू दिली होती धुळ्याला, देवपुरात. तिचा नवरा निंबा कापसाच्या जिनात कामाला होता. दर आखाजीला कौतिक मुऱ्हाळी होऊन जायचा आणि एस.टी.तून बहिणीला घेऊन यायचा. मग कडुनिंबाच्या झाडाला झोका, अंगणात गाणी, आणि चुलीपुढे मायलेकी. ते दिवस मला फार आवडायचे.

एका वर्षी श्रावणात तानूला ताप आला, आणि आठवडाभरात ती गेली. मागे तिची चार वर्षांची मुलगी कुंदा राहिली.

आजी धुळ्याहून परत आली. तिने मला उचलले आणि मडक्यांच्या उतरंडीमागे नेऊन ठेवले. पुढच्या आखाजीला तिने चुलीवर तवा ठेवला.

कौतिकने विचारले, "माय, खापर?"

"कोनासाठे?" आजी म्हणाली.

मित्रांनो, उतरंडीमागची माझी वर्षे म्हणजे नुसती फजिती. कोणी माझ्यात सरकी भरली. सरकी संपल्यावर मांजर येऊन व्याली. ज्या पाठीची चार गावांत तारीफ, तिच्यावर पिल्ले नखे घासत होती. मला राग यायचा, पण रागापेक्षा आजीची काळजी जास्त वाटायची. ती सगळी कामे करायची, देवापुढे दिवा लावायची, सुनेशी गोड बोलायची. तानूचे नाव मात्र तिच्या तोंडून एकदाही निघाले नाही.

वर्षभराने निंबाने दुसरे लग्न केले. घरात लहान पोर, करतो काय बिचारा. नव्या बायकोचे नाव सुनंदा. साक्रीकडची, आईबाप नसलेली, काकाच्या घरी वाढलेली. आता आमच्याकडे अशी रीत आहे की दुसरीने पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा आणि पहिलीचे माहेर तेच आपले माहेर मानायचे. त्या रीतीप्रमाणे निंबा तिला पाया पडायला घेऊन आला. आजीने तिची ओटी भरली, वाढले, कुठे कमी केले नाही. पण तिच्याकडे मान वर करून पाहिले नाही. तानूच्या नावाचा टाक दुसरीच्या गळ्यात तिला बघवेना.

आखाजी आली. आजीने कौतिकला देवपुरात पाठवले, पण सांगितले, "पोरले एकलीले लई ये."

निंबा ऐकेना. "दोघी येतील, नाहीतर कोणीच नाही," तो म्हणाला. "एका घरातून एकीला न्यायचं आणि दुसरीला दारात उभी करायची, हे मला जमणार नाही, कौतिकभाऊ."

कौतिक रिकाम्या हाताने परत आला. आजीने नातीसाठी वाढून ठेवलेले ताट संध्याकाळी गाईपुढे ठेवले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. आजी झुरत होती. कुंदाला उराशी धरायचे तर सुनंदाला घरात लेक म्हणून घ्यायला हवे होते, आणि तिथेच तिचा पाय अडत होता. मला वाटे, ही आता नातीचे तोंड न बघताच जाणार.

मग आणखी एका उन्हाळ्यात कौतिक कामासाठी धुळ्याला गेला आणि जाता जाता भाचीला बघून आला. आजी ओट्यावर डाळ निवडत होती. तो तिच्याजवळ बसला.

"गल्लीमा मुऱ्हाळी येवाले लागी गयात, माय. कुंदी ओटावर बठेल व्हती. सुनंदा तिनी वेनी घाली राहिनती. तिले सांगे, तुना मामा येई, तू जाय आजीकडे, मी ऱ्हास आठे."

आजी निवडत राहिली.

"कुंदी म्हने, मंग तुले कोन लेवाले येई?"

"मंग ती काय बोलनी?"

"वेनी घालत राहिनी."

सुपातली डाळ तशीच राहिली. आपल्या पोरीचे पोर कोणाच्या मायेत वाढते आहे ते आजीला कळले, आणि त्या मायेला स्वतःचे असे कोणीच नाही, हेही कळले.

"सकायले जाय," ती म्हणाली. "दोन्हीसले लई ये."

आणि ती उठून उतरंडीमागे आली. तिने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. इतक्या वर्षांची ओल अंगात मुरलेली, एकदम जाळ लागला तर मी तडकले असते. पण आजीने दोन दिवस मला उन्हात ठेवले आणि आधी मंद आचेवर नुसतेच तापवले. तिला माझे दुखणे न सांगता कळायचे.

आखाजीच्या सकाळी कुंदा चुलीभोवती नाचत होती. सुनंदा दाराशी अंग चोरून बसली होती, परक्या घरी बसावे तशी. आजीने पहिला मांडा हातावर घेतला. हातांची सवय मोडली होती. मांडा मध्येच फाटला. दुसराही फाटला. सून सुमन पुढे होणार, तोच आजीने दाराकडे पाहिले.

"आठे ये. हात दे."

"माले येत नही," सुनंदा म्हणाली. काकाच्या घरी तिला खापराजवळ कोणी बसूच दिले नव्हते.

"येत नही म्हनीसनच बलावं तुले."

आजीने तिच्या हातांवर गोळा ठेवला, खालून स्वतःचे हात लावले आणि झुलवायला शिकवले. मांडा वाढला, वेडावाकडा का होईना, माझ्या पाठीवर आला. घाईत सुनंदाचे कोपर मला टेकले आणि चर्रकन भाजले.

"माय वं," ती कळवळली, आणि लगेच घाबरून तिने हात पदराआड घेतला.

आजीने तिचा हात ओढून घेतला, भाजलेल्या जागी तूप लावले. मग बोट तिथेच ठेवून म्हणाली, "तानूले बी आठेच भाजनं व्हतं."

तानूचे नाव! घरातले सगळे जिथल्या तिथे थांबले. आजी रडू लागली. इतकी वर्षे ती रडलीच नव्हती. सुनंदाने भाजलेल्या हातानेच तिला धरून ठेवले. कुंदा कधी एकीकडे, कधी दुसरीकडे बघत होती. मग तिने दोघींच्या मध्ये जागा केली आणि तिथे जाऊन बसली. तो मांडा माझ्या पाठीवर करपून काळा झाला, पण त्या दिवशी मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतर कौतिक दर आखाजीला मुऱ्हाळी होऊन देवपुरात जाऊ लागला. सुनंदा मांडे शिकली. आजी तिला बोलायची भरपूर. कड जाड राहिली, पुरण एका बाजूला गेले, कणीक घट्ट झाली. ज्या लेकीला हक्काने रागावता येते ती आपली, असा तिचा हिशेब असावा. सुनंदाही ते ऐकून हसायची.

आजी गेली ती १९५९च्या कापूस वेचणीच्या दिवसांत. सकाळी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. पुढची आखाजी आली तेव्हा घागर तिच्याही नावाने भरायची होती. कौतिक या वेळी देवपुरात गेला नाही. त्याला वाटले, आई होती तोवर ते नाते होते. आता सुनंदाला कशाला भीड घालायची? सुमनने खापराऐवजी तवा काढून ठेवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी भर दुपारी दारात सुनंदा आणि कुंदा उभ्या. एरंडोलपासून उन्हात चालत आल्या होत्या. कौतिक गोंधळून उभा राहिला. "मी लेवाले..." एवढेच तो बोलला.

सुनंदाने पायावर पाणी घेतले. "मुऱ्हाळी उना नही म्हनीसन लेक येवानं सोडस का, दादा? उद्या मायले जेवाले कोन वाढी?"

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावर मांडे केले. पहिला घागरीपुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाली, "जेव माय. तुन्या दोन्ही लेकी येल शेतस." एक हात तिने गळ्यातल्या टाकावर ठेवला होता.

मित्रांनो, मी मातीची आहे. मला जपा, आपटू नका, ओलीत ठेवू नका. आणि तुमच्या गल्लीत सणाच्या दिवशी कोणी दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत असेल, जिला न्यायला कोणी येणार नाही, तर तिला आपल्या चुलीपाशी घेऊन या. मांडे येत नसले तरी चालेल. सुनंदाच्या त्या मांड्याची कड अजून जाडच होती. आजी असती तर बोलली असती, आणि मग तोच मांडा आधी आपल्या ताटात घेतला असता.