गुडघ्याची वाटी

नांदूरघाटात कुणाचं हाड मोडलं की लोक आधी सुंदरबाईकडे जायचे. चाळीस वर्षं ती मनगट, कोपर, घोटा बोटांनी चाचपून बसवत होती, बांबूच्या काड्या लावून बांधत होती.

गेल्या माघात केजच्या बसमधून उतरताना तिचा पाय घसरला आणि ती उजव्या गुडघ्यावर आदळली. लोकांनी उचलून घरी आणलं. बाजेवर बसून तिनं स्वतःच गुडघा चाचपला. वाटीचे दोन तुकडे झाले होते, मधल्या फटीत बोट मावत होतं. टाच उचलून पाहिली, उचलेना.

सून रोहिणी काड्या आणि पट्ट्या घेऊन आली.

"ठिव ते. जीप बोलाव, आंबाजोगाईला जायचं."

"आत्याबाई, तुमी दवाखान्यात?"

"मांडीची शीर वरचा तुकडा वर वढती. बांधून सांधत न्हाई. तारंनं आवळावी लागती."

रोहिणी तशीच उभी राहिली. "मग पंडितभाऊची वाटी कावून बांधली व्हती?"

"जीप बोलाव आधी," सुंदरबाई म्हणाली.

ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ती काठी न घेता चालू लागली. तेव्हा पलीकडच्या गल्लीतला पंडित भेटायला आला. अकरा वर्षांपूर्वी तो चिंचेवरून पडला होता. तेव्हापासून तो पाय ओढत चालायचा. चौकट धरून त्यानं उंबरा ओलांडला.

"बऱ्या झाल्या की, मावशी."

"पंडित, तुजी वाटी बी अशीच फुटली व्हती. मला तवाच कळलं व्हतं. दवाखान्यात जा म्हनले न्हाई."

"कावून?"

"माज्या हातानं व्हत न्हाई, हे तोंडातून निघंना."

पंडित भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, मीच पथ्य पाळलं न्हाई. पंधरा दिसांत उठून रानात पाणी द्यायला गेलतो. बायको आजून बोलती त्यावरनं."

"तुजी चूक न्हाई. सांग तिला."

"तुमीच सांगा."

सुंदरबाई लगेच उठली आणि त्याच्यासोबत गेली. पंडितची बायको वर्षाराणी ओसरीवर ज्वारी निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, बसा म्हणाली नाही. सुंदरबाई उभ्यानंच बोलली आणि परतली.

आठवड्याभरात गावभर झालं. काही लोक सुंदरबाईकडे यायचे थांबले. मनगट लचकलेले येत राहिले.