दोनशे सतरा नंबरचा शोध

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कोळसा खाणीच्या तिसऱ्या भागात वाहक पट्ट्याचा रोलर तापला आणि धूर झाला. तिथली एकेचाळीस माणसं वर आली. चाळीस जणांनी कमरेचा रेस्क्यूअर, म्हणजे धुरात तासभर श्वास पुरवणारा डबा, सीलबंद परत केला. फिटर एकटाच रोलरजवळ होता. त्यानं डबा फोडून रबरी नळी दातांत धरली, नाकाला चिमटा लावला आणि तसाच, दिवे आणि डबे जमा होतात त्या दिवेघराच्या खिडकीशी आला.

कारकुनानं मान बाहेर काढून पाहिलं. "सील तुटलंय. इथे सीलबंदच जमा होतो. फुटलेला सुरक्षा अधिकाऱ्यांकडे."

ते कुठेत, असं फिटरनं हातानं विचारलं.

"खाली. धूर बघायला गेलेत."

डबा जमा नाही तर माणूस वर आला नाही, ही खिडकीची रीत. फिटरचं दोनशे सतरा नंबरचं पितळी टोकन खाली असलेल्यांच्या फळ्यावर तसंच राहिलं आणि साडेअकराला बचाव पथकाला निरोप गेला : एक माणूस आत अडकला आहे.

पथकात फिटरचा धाकटा भाऊ होता.

अधिकारी हवा चांगली असल्याचं सांगेपर्यंत नळी काढायची नाही, हे प्रशिक्षणात फिटरच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. त्यानं ती काढली.

"अहो, मी इथे उभा आहे."

"काढलीत?" कारकून हळहळला. "पंचाईत केलीत. नियम बावीस. परवानगीशिवाय नळी काढणाऱ्याला गॅस चढलाय असं धरावं, त्याच्या बोलण्यावर विसंबू नये."

"मला गॅस चढलाय?"

"चढलेला प्रत्येक जण असंच विचारतो."

"बारा वर्षं आपण एका बाकावर बसून जेवतोय."

"म्हणून तर जीव तुटतोय माझा."

पाठीवर प्राणवायूचं ओझं घेऊन धाकटा आला. फिटरनं त्याचा दंड धरला. "जाऊ नकोस. मी वर आहे."

"दिसतंय मला, दादा."

"मग तुझ्या पथकप्रमुखाला सांग ना."

"सांगितलं. ते म्हणाले, सख्ख्या भावाची साक्ष धरत नाहीत. घरच्यांना आशा असते." त्यानं हलकेच दंड सोडवून घेतला. "वहिनीला कळव, जेवायला माझी वाट बघू नका."

"आणि माझं काय सांगू तिला?"

"तुझं अजून काही कळलेलं नाही."

फिटर खिडकीकडे वळला. "मला खाली सोडा. मी जातो आणि सापडतो."

"दुसरा डबा लागेल. पहिला जमा झाल्याशिवाय दुसरा देता येत नाही."

बारा वाजून पाच मिनिटांनी पाच जणांचं पथक उतरलं. प्रत्येकाकडे दोन तासांचा प्राणवायू होता. एक दहाला खालून फोन आला. कारकुनानं ऐकून तो शब्द न् शब्द नोंदवहीत उतरवला : सुरक्षा अधिकारी सुखरूप भेटले, तेही दोनशे सतराला शोधत आहेत. धूर वाढला आहे. पुढे जात आहोत.

"परत फिरा म्हणावं त्यांना," फिटर म्हणाला.

"कुणाचा निरोप म्हणून लिहू?"

फिटरनं खिडकीतून हात घालून रिसीव्हर ओढून घेतला आणि भावाला हाक मारली. लाइन आधीच बंद झाली होती.

एक वाजून पन्नास मिनिटांपर्यंत खालून दुसरा फोन आलेला नाही. पथकाचा प्राणवायू दोन वाजून पाच मिनिटांनी संपतो.