पाच चाळीसचा शह

श्यामसुंदरचं तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी सरोजिनीवहिनींचा फोन आला. "पोपटराव, तुमची ती वही घेऊन या. यांचा शेवटचा डाव मला समजावून सांगा."

नेरूळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं अकरा वर्षं रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळलो. तेवढ्या वर्षांत वहिनींनी पटाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. फोन ऐकून मला राग यायला हवा होता, नाहीतर रडू तरी. काहीच आलं नाही. वही उचलली आणि निघालो.

माझ्या वहीत प्रत्येक खेळीपुढे वेळ असते. तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. तिथे वेळ टाकल्याशिवाय नोंद करायची नाही आणि लिहिलेलं पान फाडायचं नाही. श्यामसुंदर चिडवायचा, "बायकोला हाक मारलीस तरी वेळ टाकत असशील!"

त्या संध्याकाळबद्दल मी सगळ्यांना एकच सांगितलं होतं. खेळता खेळता कोसळला, लगेच हाक मारली. हॉस्पिटलात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो.

वहिनींनी जेवणाच्या टेबलावर पट मांडून ठेवला होता. राजा आणि वजिराची अदलाबदल झाली होती, ती मी नीट केली.

"त्याची ही सुरुवात." मी दोन पांढरी प्यादी पुढे सरकवली. "हे दुसरं प्यादं त्याने मला फुकट दिलं."

"फुकट का?"

"गँबिट म्हणतात. आपलं प्यादं द्यायचं आणि समोरच्याच्या राजावर तुटून पडायचं. मी त्याला नेहमी म्हणायचो, हा पायावर धोंडा पाडून घेण्याचा धंदा आहे. ऐकेल तर शप्पथ."

"ऑफिसात तर यांनी कधी आवाज चढवला नाही," वहिनी म्हणाल्या.

मी एकेक खेळी मांडत गेलो. मी हावरटासारखं आणखी एक प्यादं खाल्लं. त्याने उंट काढला, घोडा काढला, हत्तीला वाट करून दिली. मी मात्र खाल्लेली प्यादी सांभाळत बसलो. सतराव्या खेळीला माझी पाचावर धारण बसली. दोन खेळ्यांत मात होती आणि मला ती दिसत होती. तेव्हा मी वजिराने शह दिला.

"शह म्हणजे?"

"राजावर हल्ला. तो आधी सोडवायचा, मग बाकीचं."

"मग यांनी काय करायचं?"

"राजा इथे, कोपऱ्यात न्यायचा."

"आणि नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. एकच घर आहे. इकडे त्याचाच हत्ती, तिकडे माझा उंट रोखून."

वहिनींनी वही आपल्याकडे ओढली. खेळाचं त्यांना काही कळत नव्हतं, पण आकडे वाचता येत होते. शेवटच्या ओळीवर, माझ्या शहापुढच्या वेळेवर, त्यांनी बोट ठेवलं.

"पाच चाळीस. तुम्ही मला हाक मारलीत तेव्हा टीव्हीवर सहाच्या बातम्या सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती, पोपटराव."

त्यांचं बोट त्या ओळीवरून हललं नाही.

"एकच घर होतं ना? मग हे पंचवीस मिनिटं कसला विचार करत होते?"

हा प्रश्न मी सतरा दिवस स्वतःला विचारू दिला नव्हता. श्यामसुंदर कपाळाला हात लावून खाली बघत बसला होता, नेहमी बसायचा तसाच. आणि दुसऱ्याची खेळी असताना बोलायचं नाही, हा आमचा नियम. पण नियम कसला! खरं सांगायचं तर तो वेळ लावतोय याचं मला बरं वाटत होतं. तेवढ्या वेळात मी माझी सुटका शोधत होतो. काळ्या मोहऱ्यांवरून माझी नजर हलली नव्हती. हे सगळं मी वहिनींना सांगितलं. आवाज अगदी सरळ येत होता, बॉयलरचं प्रेशर सांगावं तसा.

"मी आतच होते," त्या म्हणाल्या. "दहा पावलांवर."

"हो."

मला वाटलं, आता चालते व्हा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मी उठलो असतो.

"म्हणजे हे जिंकत होते?"

"शंभर टक्के."

"मग जाताना त्यांना ते ठाऊक होतं का? चेहरा कसा होता त्यांचा? हसत होते?"

एक हो म्हणायचं होतं. तेवढं त्यांना आयुष्यभर पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि श्यामसुंदरचा चेहरा आठवून पाहिला. हत्ती आठवला, उंट आठवला, कोपऱ्यातलं ते रिकामं घर आठवलं.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "मी त्याच्याकडे बघितलंच नाही."