मावळतीचा खिळा

"बाबा, मी ह्या खिळ्याच्या वर गेले, की खोकला खालीच राहील ना?"

"राहील. आता हलू नकोस."

तळहातावर दाता आहे. करवतीच्या पात्याचा उडालेला एकच दाता, मक्याच्या दाण्याएवढा, टोकाशी जांभळा पडलेला, अजून कोमट— आणि तो आवाज ह्यातूनच आल्यासारखा वाटतो, पोरीचा, एकोणतीस वर्षांपूर्वीचा, नाकातला, सर्दीने जड. तोआदेरने मूठ मिटली. यंत्र बंद होऊन बराच वेळ झाला तरी वरचं चाक आपल्याच नादात हळूहळू फिरत होतं, आणि तुटलेलं पातं झाकणातून अर्धं बाहेर येऊन भुशात लोळलं होतं. मोठा आवाज झाला होता. खालच्या रस्त्यावरून गावरिल ओरडलासुद्धा, "काय रे तोआदेर, महिन्यातलं तिसरं! पाती तोडतोस की पापड?"

"तुझी कवटी कापायला घेतली असती, तर चौथंही गेलं असतं!"

हसला तो, गेला. सवयीचं बोलणं तोंडातून सवयीनेच निघतं. त्यासाठी आत कुणी जागं असावं लागत नाही.

आता पातं बाहेर काढायचं. हातमोजे घालायचे, चिमटीत धरून सावकाश ओढायचं, जुन्या सापासारखं ते अजूनही फुत्कारतं. दात्यांच्या खाचांत बोट फिरवून तडा शोधायचा. राळ साचली असली की पातं तापतं, तापलं की तडकतं. पण ह्यात राळ नव्हती, कालच रॉकेलने पुसलं होतं, धार दिली होती, दाते एकाआड एक डावे-उजवे वाकवले होते. तडा नव्हताच. सहा दाते सलग बोथट, आणि पाठीपर्यंत स्वच्छ तुटलेलं. हे लाकडात दडलेल्या लोखंडाचं काम. कुणीही सांगेल. मी तर चाळीस वर्षं हेच सांगत आलो— पातं उगाच तुटत नाही, आपण कुठेतरी डोळेझाक केलेली असते.

अंगणातला अक्रोड होता हा ओंडका. दोन वर्षांपूर्वी वाळला. बायको, सवेता, म्हणाली, फळ्या पाड, टेबल कर. आपल्या इलिंकाच्या नावाने जेवण वाढायचं ते दर वर्षी शेजाऱ्यांच्या टेबलावर नको, आपल्या टेबलावर वाढू. एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

आमच्याकडे असंच करतात. पोराचं दुखणं हटेना, की अक्रोडाला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्यावरचे चार केस खोडाशी धरून उगवतीच्या अंगाने खिळा ठोकायचा. पोर वाढतं, खिळा तिथेच राहतो, दुखणंही तिथेच. ठोकताना बायका म्हणतात—

वाढ गं पोरी, वाढ गं वेली,
दुखण्याची सावली झाडाखाली.

आणि दोन अमावास्या गेल्या तरी उतार नाही पडला, तर मावळतीला दुसरा. तिसरा नसतो.

उगवतीचा मीच ठोकला होता, आणि तिसऱ्या दिवशी ऑस्ट्रियाच्या जंगलात झाडं तोडायला निघून गेलो… आज सकाळी सवेतासमोर तोच पटाशीने कोरून काढला. लांब, गंजलेला, लाकडाने घट्ट धरलेला. तिने तो एप्रनच्या खिशात टाकला. "झालं? मग लाव आता यंत्रावर," म्हणाली. माझ्याकडे पाहत उभी राहिली जराशी. मग आत गेली.

दुसऱ्याबद्दल का बोलली नाही? विसरली? स्वतः ठोकलेला खिळा कुणी विसरतं? की ती बघत होती— हा माणूस ओंडका उलटवतो का, मावळतीची बाजू वर घेतो का?

घ्यायला हवी होती. पण पटाशी तिथे टेकवली असती, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रश्न आला असता. इथे दुसरा आहे हे तुला कुणी सांगितलं? तू तर इथे नव्हतास. आणि माझं पत्र तर हरवलं… गावाला तिनेच सांगितलं होतं तसं, त्याच्या वतीने, पोरीला पुरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, चर्चच्या दारात: त्या साली किती पत्रं वाटेत हरवली, ह्याला बिचाऱ्याला कळलंच नाही. तो नुसता उभा होता. टोपी हातात. त्या उभं राहण्यावर एकोणतीस वर्षं रचली गेली, एकावर एक, ओल्या फळ्यांसारखी, मध्ये हवेला जागा न ठेवता.

म्हणून त्याने ओंडका तसाच लावला. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली. तिसरीवर बुंध्याच्या टोकापासून दोन हातांवर— म्हणजे झाड उभं असताना पोरीच्या डोक्याएवढ्या उंचीवर— निळी छटा आली. शाई सांडल्यासारखी. लाकडाच्या पोटात लोखंड असलं की ते निळं रडतं. थांबायचं असतं तिथे. त्याने पात्यावर पाणी सोडलं, आणि ओंडक्याचा गाडा पुढे ढकलला.

जाईल, असं वाटलं होतं. कदाचित जाईल. तेव्हाही असंच वाटलं होतं.

पावलं वाजली. सवेता मक्याचा सांजा आणि चीज झाकून घेऊन आली होती. ताट तिने ओंडक्यावर ठेवलं नाही. हातातच धरून ती कापाकडे बघत राहिली, तिथे खिळ्याचं चकचकीत, अर्धं कापलेलं पोट दिसत होतं.

"हात?"

"शाबूत आहेत."

"निळं आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"मग रे, माणसा?"

तो यंत्राकडे वळला. वरच्या चाकाची मूठ उलटी फिरवायला लागला. काम थांबलं की ताण उतरवायचा, पातं असो-नसो, हाताला सवय. एक फेरा. दोन. आत काहीतरी फार थकलेलं होतं, आणि ते पहिल्यांदाच लपत नव्हतं, नुसतं बसलं होतं, तिच्याकडे तोंड करून.

"सवेता," तो म्हणाला, "पत्र हरवलं नव्हतं. नाताळच्या आधीच मिळालं. मावळतीला दुसरा ठोकला, ये, असं लिहिलं होतंस. मी वाचलं. दोनदा वाचलं. आणि आलो नाही."