मास्तरचा रिव्हर्स

त्याला मास्तर हे नाव चिकटलं ते नंतर, पण आपण गोष्टीच्या सोयीसाठी पहिल्यापासून मास्तरच म्हणू. वय चोविशीचं, मिशी अजून मनावर न घेतलेली, आणि खिशात जड वाहनाचं कोरं करकरीत लायसन्स. ते हातात पडलं तेव्हा त्याला वाटलं, आता काय, रस्ते आपल्याच बापाचे. पण ज्या ज्या ट्रान्सपोर्टच्या दारात तो गेला, तिथे टेबलामागच्या माणसाने एकच प्रश्न विचारला, "अनुभव किती?" नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मग अनुभव घेऊन या." हा अनुभव नेमका कुठल्या दुकानात मिळतो ते मात्र कोणी सांगेना. गाडी चालवल्याशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय गाडी नाही. ज्यांनी हा नियम काढला ते सगळे आईच्या पोटातून ट्रेलर घेऊनच बाहेर आले असावेत.

शेवटी एका दारात त्याने सांगून टाकलं, "तीन वर्षं."

हे अगदीच खोटं होतं असं नाही. मामाच्या फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो त्याने तीन वर्षं चालवला होता, कपाटं आणि पलंग पोचवले होते. काय चालवलं ते तिथल्या मालकांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. मालकांना हा धंदा सासऱ्याकडून मिळालेला. गाड्यांतलं त्यांना एवढंच कळायचं की ओरखडा पडला की खर्च येतो. ते त्याच्या शेजारी ट्रेलरमध्ये बसले, सरळ रस्त्याने पुढे गेले, मोठा वळसा घेऊन परत आले, आणि उतरताना म्हणाले, "हात स्थिर आहे." नोकरी पक्की झाली. पुढे जाण्यात मास्तर कधीच कुणाला हार गेला नसता. घोळ होता तो मागे येण्याचा.

ज्यांनी ट्रेलर कधी मागे घेतला नाही त्यांना सांगायला हवं. साधी गाडी मागे घेताना जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग फिरवावं, झालं. ट्रेलरचं तसं नाही. तो मध्ये सांध्यावर वाकतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की शेपूट डावीकडे जातं, घाबरून आणखी फिरवलं की पुढचं धूड आणि मागचं धूड एकमेकांच्या अंगावर येतात. आणि जगातल्या प्रत्येक गोदामाला माल उतरवायचा धक्का असतो, आणि त्या धक्क्याला गाडी पाठमोरीच लावावी लागते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मास्तरने हे एकदाच केलं होतं, तेही बाहेरून शिकवणारा "डावा मार, सोड, उजवा मार" असं ओरडत असताना. परीक्षेच्या दिवशी तोच शिकवणारा खोकत होता, आणि त्याच्या खोकण्यातही खुणा होत्या.

पहिल्याच खेपेला, गोदामाच्या आवारात, त्याला दरदरून घाम फुटला. धक्क्यावर दोन गाड्यांच्या मध्ये एक फट होती आणि तिच्यात त्याचा ट्रेलर जाणं देवालाही जमलं नसतं. तो खाली उतरला, उगाच टायरला लाथ मारली आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. धक्क्याशी स्टुलावर एक म्हातारा बसला होता, एकेकाळचा ड्रायव्हर, आता गुडघे गेल्यामुळे राखणीला बसलेला. मास्तर त्याच्याकडे जाऊन म्हणाला, "काका, तुमचं आवार तुम्हाला माहीत. मी नवखा, उगाच कुठे घासली तर तुम्हालाच त्रास. तुम्ही तेवढी लावून देता का?"

म्हाताऱ्याचे गुडघे तत्क्षणी बरे झाले. त्याने एका दमात गाडी लावली आणि उतरताना दहा वर्षांनी लहान दिसला.

तिथून मास्तरला गुरुकिल्ली सापडली. प्रत्येक आवारात असा एक माणूस असतोच, ज्याला आयुष्यात आता कोणी काही विचारत नाही. तो हेरायचा, त्याच्यासमोर नम्र व्हायचं आणि चावी पुढे करायची. कुठे पहारेकरी, कुठे हमालांचा मुकादम, एका ठिकाणी तर कॅन्टीनवाला निघाला. मास्तर सगळ्यांचा लाडका झाला. बाकीचे ड्रायव्हर, ज्यांना रिव्हर्स खरोखर यायचा, ते रोज रिव्हर्स घ्यायचे, आणि रोज घेणाऱ्याची कधी ना कधी घासतेच. मास्तरची कधी घासली नाही. जो पोहतच नाही तो बुडेल कसा?

वर्ष होत आलं तेव्हा मालकांनी त्याला बोलावलं. "बाकीच्यांचे बंपर बघ आणि तुझा बघ. सगळीकडून एकच ऐकू येतं, पोरगा नम्र आहे, आवाराचा अंदाज घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. आजपासून नव्या पोरांना तू शिकवायचं. पुढे जाणं कोणीही शिकवेल. तू रिव्हर्स शिकव."

मास्तर म्हणाला, "मालक, माझी काय लायकी."

"बघा," मालक कारकुनाला म्हणाले, "हे असं असतं."

घरी ही बातमी त्याच्या आधी पोचली. घर म्हणजे दोन खोल्या, त्यात आई, ताई, भावोजी आणि तो. भावोजी एका कचेरीत शिक्के मारायचे आणि ट्रक चालवणं हा गुरं हाकण्याचाच प्रकार आहे असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी जेवताना बरेचदा मांडलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी खिडकीजवळची खुर्ची त्याच्यासाठी सोडली. "शिकवणं म्हणजे वेगळी गोष्ट," ते म्हणाले. "त्याला डोकं लागतं." आई शेजारी सांगायला दोनदा गेली, दुसऱ्यांदा कारण पहिल्यांदा शेजारीण घरी नव्हती. इतका मान त्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि तो जायला फक्त एक धक्का पुरेसा होता.

शिकायला आली ती एक मुलगी, बाविशीची, बुटकी, शांत. अर्जात अनुभवाच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी वर्षं लिहिली होती. हिने लिहिलं होतं, "निरंक." कारकुनाने ते इतक्यांदा वाचून दाखवलं की तिचं नावच निरंक पडलं. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. आल्याच्या दुसऱ्या दिवशी हात धुवायचं बेसिन तिच्या हातून तडकलं, कोणी पाहिलं नव्हतं, तरी ही आपणहून मालकांच्या खोलीत जाऊन सांगून आली. मालकांनी तिला ठेवलं ते मास्तरच्या भरवशावर. "शनिवारी मी स्वतः बघायला येतो," ते म्हणाले. "तिने धक्क्याला नीट लावली तर ती ड्रायव्हर. नाही लावली तर ती घरी. आणि मग तुझ्या शिकवण्याचंही काय ते बघावं लागेल."

मालकांच्या गोदामामागच्या मोकळ्या आवारात दोघांनी जुने टायर मांडून धक्का तयार केला. पहिला दिवस मास्तरने बोलण्यात काढला. आरसा म्हणजे काय, धीर म्हणजे काय, गाडीला आपली भीती कशी कळते. बोलणं इतकं रंगलं की थोडा वेळ त्याला स्वतःलाच वाटलं, आपल्याला येतं. दुसऱ्या दिवशी निरंकने गाडी मागे घेतली आणि ती टायरांच्या भलत्याच बाजूला जाऊन थांबली. दहा वेळा घेतली, दहा जागी गेली.

"मास्तर, एकदा तुम्ही करून दाखवा ना."

"बघून येत नाही हे. हाताने यावं लागतं."

"पण बघितल्याशिवाय हाताला कळणार कसं?"

मास्तरने इकडेतिकडे पाहिलं. नेमका त्या आवारात एकही म्हातारा नव्हता. तो वर चढला, घसा खाकरला, रिव्हर्स टाकला. ट्रेलर आधी विचार केल्यासारखा सरळ आला, मग एकदम डावीकडे वळला. मास्तरने घाबरून स्टिअरिंग गरागरा फिरवलं. टायर राहिले बाजूला, मागचा कोपरा कुंपणाजवळच्या नळावर गेला, नळ मोडला आणि पाण्याची धार सरळ आभाळात उडाली.

दोघांनी मिळून फडकी आणि काठ्या कोंबून ती धार कशीबशी बंद केली. दोघंही चिंब. निरंकने चेहरा पुसला आणि विचारलं, "तुम्हाला येत नाही ना?"

मास्तरने तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. पण ओल्या कपड्यांत माणसाला थाप मारणं जड जातं. त्याने सगळं सांगितलं, टेम्पो, म्हातारे, कॅन्टीनवाला. आता ही सरळ मालकांकडे जाणार, हे त्याने धरूनच चालवलं.

ती मोठ्याने हसली. "बरं झालं बाई. मला वाटत होतं मीच ढ आहे." मग म्हणाली, "नळाचं मात्र मी सांगणार हं. विचारलं तर."

त्यानंतर शिकवणं संपलं आणि शिकणं सुरू झालं. एक जण आत, एक जण बाहेर, आळीपाळीने. आत असलेला चुकला की बाहेरचा ओरडायचा, आणि बाहेरचाही चूकच ओरडायचा. गुरुवारी दुपारी निरंकचा खांदा भरून आला. हात वर धरवेना म्हणून तिने स्टिअरिंग खालून, अगदी मांडीजवळ धरलं, आणि हात डावीकडे नेला. ट्रेलर डावीकडे गेला. हात उजवीकडे नेला. ट्रेलर मुकाट उजवीकडे गेला.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मास्तर! खालून धरायचं! मग जिकडे हात तिकडे गाडी!"

एवढंच होतं ते. वर्षभर ज्याने झोप उडवली होती ते एवढंसं. मास्तर चढला, खालून धरलं, आणि त्याचं ते अवजड धूड टायरांच्या मधोमध असं अलगद येऊन थांबलं की त्याला भरून आलं. त्याने गाडी पुढे नेली आणि पुन्हा मागे आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. संध्याकाळ झाली तरी उतरेना. निरंक म्हणाली, "माझी पाळी," तर म्हणाला, "शेवटची एकदा," आणि आणखी चारदा घेतली. इतके दिवस तो ट्रेलरचा ओझेवाला होता. ड्रायव्हर तो त्या दुपारी झाला, आणि इतका सुखी तो आयुष्यात कधी नव्हता. सोमवारी खेपेला जायचं, धक्क्याशी स्टुलावरच्या म्हाताऱ्याला नमस्कार करायचा आणि म्हणायचं, "बसा काका, मी लावतो." या वाक्याची त्याने आरशात तालीमसुद्धा केली.

शनिवारी मालक आले, मागून कारकून आला. निरंकने खऱ्या धक्क्याला, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, एका दमात ट्रेलर लावला. दोन्हीकडे वीतभर जागा सुटली.

मालकांनी टाळी वाजवली. "पाच दिवसांत! निरंकची ड्रायव्हर केली पोराने!" त्यांनी मास्तरच्या खांद्यावर हात टाकला. "ठरलं. असा माणूस रस्त्यावर वाया घालवायचा नाही. तुला इथे आवारात खोली देतो, टेबल देतो, पंखा देतो. पुढच्या महिन्यात आठ नवी पोरं येतायत. आजपासून तू गाडीला हात लावायचा नाहीस, फक्त शिकवायचं. तुझी गाडी हिला."

"माझी गाडी?" मास्तर म्हणाला.

"मग काय. घरी सांग, बढती झाली."

मास्तरला खोली दिसली, पंखा दिसला, आणि खिडकीजवळची खुर्ची सोडून समजल्यासारखी मान डोलावणारे भावोजी दिसले. सोमवारची खेप डोळ्यांसमोरून निघून गेली. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि त्या भरात त्याने ती गोष्ट केली जी शहाण्या माणसाने नोकरीत कधी करू नये. तो खरं बोलला.

"मालक, मला रिव्हर्स येतच नव्हता. परवापर्यंत. तीन वर्षं मी टेम्पो चालवला, ट्रेलर नाही. वर्षभर गाडी दुसऱ्यांनीच लावून दिली. तो मागचा नळ मी तोडला. मी हिला काही शिकवलं नाही, हिनेच मला शिकवलं. मला शिकवता येत नाही. मला गाडी चालवू द्या."

मग मालक हसले, पण त्यांचं हसू मध्येच थोडं अडलं. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने खांदे उडवले. मालक निरंककडे वळले. बेसिनचं सांगायला आपणहून आलेली पोर ती, तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

"काय गं? खरं आहे का हे?"

निरंकने मास्तरकडे पाहिलं. मास्तरने जीव मुठीत धरून मान हलवली, सांग, सांग. मग तिने मालकांच्या बोटात लटकलेल्या मास्तरच्या गाडीच्या चावीकडे पाहिलं.

"नाही मालक," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी एका दमात लावून दाखवली होती यांनी. नळ माझ्याकडून तुटला. मास्तर उगाच माझं अंगावर घेतायत."

"बघा," मालक कारकुनाला म्हणाले, आणि चावी तिच्या हातात दिली.

मालक आणि कारकून खोली दाखवायला पुढे झाले. मास्तर जागचा हलला नाही. "का गं?" त्याने हळूच विचारलं.

"तुमची नोकरी गेली असती," ती म्हणाली. चावी मुठीत धरली. "आणि माझीही." यातलं आधी काय मनात आलं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती त्याच्या गाडीत चढली. आधी सीट पुढे ओढली, मग एकेक करून तिन्ही आरसे आपल्या उंचीला लावून घेतले.