बुद्धमूर्तीपुढचे गाजरगवत

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तुम्हाला मानाने घरात नेले आणि तुमच्यामुळेच त्या घरातल्या माणसाला श्वास घेणे अवघड झाले. तुम्हाला ते कळते आहे, पण बोलता येत नाही. माझे तसेच झाले.

मी गाजरगवत. माझे आयुष्य एका हंगामाचे. पुण्याजवळ धायरीत नव्या इमारतीसाठी ट्रकमधून माती आली, तिच्यातून माझे बी आले आणि शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रुजले. तिथे मी फक्त शिव्या ऐकल्या. शेळीसुद्धा मला हुंगून पुढे जायची.

प्लॉटसमोरच्या जुन्या इमारतीत कल्याणी राहायची. तिचे वडील, प्रज्ञेश, खराडीच्या एका कंपनीत कामाला होते. एकदा त्यांना ऑफिसात पुष्पगुच्छ मिळाला. त्यातली गुलाबांभोवतीची बारीक पांढरी फुले कल्याणीला फार आवडली. ती सुकल्यावर तिला प्लॉटवर मी दिसले. "सापडली! तीच फुलं!" म्हणत तिने मला मुळासकट उपटले आणि पाण्याच्या पेल्यात घालून बुद्धमूर्तीपुढे ठेवले.

तिथेच तिच्या आजी, सुशीलाबाई, सकाळ-संध्याकाळ वंदनेला बसत. "कित्ती पांढरी हायेत वं माय!" त्या म्हणाल्या. माझा ऊर भरून आला.

चार दिवसांत आजींच्या मानेवर पुरळ उठले, छाती घरघरू लागली. कल्याणी मात्र रोज माझ्या शेजारी नवी फांदी खोचत होती. डॉक्टरांना वाटले, बांधकामाची धूळ असेल.

"मले पुलगावले, आपल्या घरी नेऊन दे रे बाप्पा," आजी मुलाला म्हणाल्या. "इथली हवा मले मानवत नाही."

शनिवारच्या गाडीचे तिकीट निघाले. आजींची बॅग भरली गेली. कल्याणी भिंतीकडे तोंड करून रडली. हवा नव्हे, माझे परागकण, हे मी कसे सांगणार?

शुक्रवारी सकाळी जवळच्या वाडीतले शेतकरी गेनबा नेहमीसारखे दूध घालायला आले. दारातूनच त्यांनी मला पाहिले.

"ए पोरी, मूर्तीपुढं ह्ये काय ठिवलंस? गाजरगवत हाय ते!"

"नाही हो आजोबा, बुकेतली फुलं आहेत."

"हात नगं लावू! लांबनं बघ. पान गाजरावानी चिरल्यालं, दांड्यावर लव, फुलाला पाच कोपरं. तुझ्या बुकेत व्हती का असली लव? आमची अंगं सोलून निघाली ह्याच्यापायी. दमा बी लागतो."

कल्याणी लांबूनच वाकली. तिने कोपरे मोजले. पाच. मग तिने आजींकडे पाहिले. आजी उशीला टेकून धापा टाकत होत्या.

मित्रांनो, मला नीट ओळखा. फुलायच्या आधी, हात झाकून, मुळासकट उपटा. मला राग येणार नाही.

कल्याणीने हातांना पिशव्या बांधल्या. मला आणि साऱ्या फांद्यांना एका मोठ्या पिशवीत कोंबून तोंड घट्ट आवळले. प्लास्टिकमधून मला सारे धूसर दिसत होते. तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, ओल्या फडक्याने जमीन पुसली. मग आजींची बॅग उघडून एकेक पातळ कपाटात परत ठेवले आणि त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"आजी," ती म्हणाली, "हवेचं काही नाही गं. ते मी आणलं होतं."